साधेपणा : निवडलेला आणि लादलेला

शहरात स्थिरावलेला आपला एक माजी विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात धामणगाव बढेला आला, तेव्हा लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’चा अनुवाद मला भेट देऊन गेला. “सर, वसतिगृहात आपण जगत होतो ते हेच,” असे तो म्हणाला. ग्रंथ मी आवडीने वाचला. त्याच्या त्या वाक्याशी मात्र मला सहमत होता आले नाही.

ग्रंथ लहानसा आहे. ८१ प्रकरणे, मूळ चिनी भाषेत सुमारे पाच हजार अक्षरे. निसर्गाच्या ओघाविरुद्ध अट्टहास करू नये, गरजा थोड्या ठेवाव्यात, हा त्याचा गाभा. पाणी सर्वांचे भले करते, कोणाशी झगडत नाही आणि लोक ज्या सखल जागेला नाक मुरडतात तिथेच जाऊन राहते, असा दाखला त्यात येतो. हे वाचताना आपल्याला महाड आठवणार नाही तर काय? चवदार तळ्याच्या पाण्याने कोणालाही अडवले नव्हते. अडवणारी माणसे होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले ते पाणी आणि माणूस यांच्यामधील ती भिंत पाडण्यासाठी. निसर्गाशी एकरूप होण्याच्या गोष्टी करण्यापूर्वी निसर्गापर्यंत पोहोचण्याचा हक्क लागतो.

‘निसर्गाकडे परत चला’ या हाकेविषयी बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी बजावले की, बहुसंख्यांसाठी असे परतणे म्हणजे दारिद्र्याकडे व अज्ञानाकडे परतणे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीतून संस्कृती घडते. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांनी बळकावण्याचा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटक येथील परिषदेत, मजूरमंत्री या नात्याने, ओरिसातील नद्यांचे पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, ते साठवले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. लाओत्सेला हे रुचले असते का, कोण जाणे! कोरडवाहू कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या आपल्या मोताळा तालुक्याला मात्र ते पटते.

तरीही ताओ विचार मी बाजूला सारणार नाही. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले, तेव्हा आरंभीच्या अनुवादकांनी ‘निर्वाण’ या संज्ञेसाठी ताओवाद्यांचाच ‘वू वेई’ हा शब्द उसना घेतला. पुढे सातव्या शतकात ह्यूएन त्संगला सम्राटाच्या आज्ञेने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात आणावयाचा होता. ‘ताओ’ म्हणजे ‘बोधी’ असा ताओ पंडितांचा आग्रह; त्याने ‘मार्ग’ हाच शब्द धरून ठेवला. हा तोच प्रवासी, ज्याने महाराष्ट्र पाहिला आणि ज्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे आपल्या शेजारचे अजिंठा, असे अभ्यासक मानतात.

मार्गावर चालणाऱ्या भिक्खूचा साधेपणा कसा होता? त्याच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे फडके आहे, कारण पाण्यातील जीवही मरू नयेत. विनयपिटकातील एक कथा मी वर्गात नेहमी सांगतो. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा उदयनाने आनंदाला विचारले. आनंद म्हणाला, जीर्ण चीवरे असणाऱ्या भिक्खूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे पलंगपोस, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरील अंथरूण, पायपुसणे, झटकणी आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवणे. हे दारिद्र्य नव्हे. पाचशे चीवरे दानात मिळालेल्या माणसाने केलेला हा हिशेब आहे!

म्हणून स्नेहसंमेलनात ‘आम्ही सतरंजीवर झोपलो, थंड पाण्याने आंघोळ केली, म्हणून घडलो’ अशी भाषणे होतात, तेव्हा मी अस्वस्थ होतो. तुम्ही त्या थंडीमुळे नव्हे, थंडी असूनही घडलात. आजच्या मुलांना तीच थंडी संस्कार म्हणून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आनंदाचा हिशेब लागू होतो तो आपल्याला, नोकरदार झालेल्यांना. कर्ज काढून केलेली लग्ने, जयंतीच्या मिरवणुकीत हादरे देणारा डीजे, भिंतीएवढे फलक. साधेपणा निवडण्याची ऐपत आता आपल्याकडे आहे, आणि नेमका तिथे तो दिसत नाही. (माझ्या मुलीच्या लग्नात मीही फारसा वेगळा वागलो नाही, हे कबूल करतो.)

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे पत्राने कळवले. वसतिगृहासाठी काय पाठवू, असे त्याने उलट विचारले. छपरावरचे पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि मुलींच्या न्हाणीघरासाठी सौर बंब, असे मी लिहिले आहे. पुस्तक ग्रंथालयात जमा केले आहे.