प्राचार्यांचे मनोगत : फॉर्मॅट केले, पण पुसले का?



विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपल्या संगणक कक्षातील जुनी यंत्रे विंडोज ११ पेलू शकत नाहीत, म्हणून ती कबाड्याला द्यायचे ठरले. दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत "फॉर्मॅट झाले" म्हणून सांगितले. आमच्या संगणक शिक्षकांनी सहज एक हार्ड डिस्क फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासली, तर जुन्या गुणपत्रिका, पालकांचे फोन नंबर, मुलांचे फोटो असे बरेच काही परत आले!

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि संगणक पस्तिशीनंतर हाती आला. म्हणून मी हे साध्या उदाहरणाने समजून घेतले. क्विक फॉर्मॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणे. धडे आत तसेच राहतात. फुल फॉर्मॅट म्हणजे पाटी ओल्या फडक्याने पुसणे. २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून त्यात संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात, म्हणून मोठ्या डिस्कला तासन्‌तास लागतात. त्याआधीच्या एक्सपीमध्ये मात्र फुल फॉर्मॅट केवळ खराब जागा शोधत असे. मजकूर पुसत नसे. एसएसडीची रचना निराळी असल्याने तिच्यासाठी निर्मात्याची 'सिक्युअर इरेज' सोय वापरणे बरे.

क्विक फॉर्मॅट वाईट नाही. आपलाच पेन ड्राइव्ह आपल्यालाच वापरायचा असेल तर तो पुरेसा आहे. मुलांनो, तेव्हा एवढे लक्षात ठेवा: एफएटी३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, त्यासाठी एक्सएफएटी निवडा. आणि फॉर्मॅटआधी हवे ते दुसरीकडे उतरवून घ्या.

पण वस्तू परक्या हाती जाणार असेल, तेव्हा घाई कामाची नाही. "एवढा वेळ कोणाला आहे?" असे काही जण म्हणतील. माझे म्हणणे असे, की रात्रभर यंत्र चालू ठेवले तर आपले काय जाते? जी डिस्क चालूच होत नाही, ती काढून घेऊन तोडून टाकावी.

प्रवेश अर्जात पालक घरचा पत्ता लिहून देतात, तो शाळेवरच्या विश्वासाने. तो भंगाराच्या भावात विकला जाऊ नये. म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे, की डिस्क पूर्ण पुसल्याची नोंद रजिस्टरमध्ये झाल्याशिवाय एकही संगणक शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ नये, असा ठराव येत्या बैठकीत करावा.

— प्राचार्य