हंगाम संपेपर्यंत तरी थांबा

११ ऑक्टोबर २०२५ चा शनिवार. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर स्टेडियममध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ नॉर्थवेस्टर्नकडून २१-२२ असा अवघ्या एका गुणाने हरला. संघाचा क्वार्टरबॅक ड्रू अ‍ॅलर त्याच सामन्यात जायबंदी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. स्टँडमधून ‘फायर फ्रँकलिन’च्या घोषणा उठल्या आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना नारळ दिला. बारापैकी सहाच सामने झाले होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत फ्रँकलिन यांनी संघाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या उपांत्य फेरीत नेले होते.

त्या हंगामात असे घडलेले हे एकच विद्यापीठ नव्हे. १४ सप्टेंबरला, जेमतेम तीन सामने झालेले असताना, यूसीएलए आणि व्हर्जिनिया टेक यांनी एकाच दिवशी आपापले प्रशिक्षक घरी पाठवले. ओक्लाहोमा स्टेटने २००५ पासून संघ सांभाळणाऱ्या माइक गंडी यांना तीन सामन्यांनंतरच काढले. पुढे आर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना स्टेट म्हणजे एलएसयू आणि ऑबर्न यांची भर पडली. फ्लोरिडाने तर बिली नेपियर यांना सामना जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी काढले. भर हंगामात प्रशिक्षकाची अशी उचलबांगडी करणे ही आता रीतच झाली आहे. तिची सर्वाधिक झळ विद्यार्थ्यांना बसते, म्हणून ती बंद झाली पाहिजे.

या घाईचे समर्थन करणारे कॅलेंडर पुढे करतात. २०१७ पर्यंत शाळकरी खेळाडू विद्यापीठांशी फेब्रुवारीत करार करत. त्या वर्षापासून डिसेंबरातही करार होऊ लागले आणि बहुतेक मुले आता तेव्हाच सही करून मोकळी होतात. म्हणजे नोव्हेंबर संपता संपता नवा प्रशिक्षक हाताशी हवा आणि त्यासाठी शोध सप्टेंबर-ऑक्टोबरातच सुरू व्हायला हवा.

ऐकायला हे पटते. पण पेन स्टेटचे काय झाले? ऑक्टोबरच्या १२ तारखेला जागा रिकामी करूनही मॅट कॅम्बेल यांची नेमणूक व्हायला ५ डिसेंबर उजाडला. करारांची मुदत ३ डिसेंबरलाच सुरू झाली होती आणि पेन स्टेटच्या पदरात दोनच मुले पडली. तिकडे फ्रँकलिन १७ नोव्हेंबरलाच व्हर्जिनिया टेकमध्ये रुजू झाले होते आणि पेन स्टेटला शब्द दिलेली अनेक मुले त्यांच्यामागून तिकडे गेली. घाई करून जे साधायचे होते, नेमके तेच हातचे गेले.

मुलांच्या बाजूने पाहिले तर हे अधिकच बोचते. प्रशिक्षक एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जातो, आईवडिलांना शब्द देतो आणि त्या शब्दावर मुलगा विद्यापीठ निवडतो. पुढे ऑक्टोबरात सत्र ऐन भरात असताना तोच माणूस निघून जातो. नियमानुसार वर्षात चारपेक्षा जास्त सामने न खेळलेल्या खेळाडूचे ते वर्ष त्याच्या खेळण्याच्या ठरावीक वर्षांतून वजा न होता वाचू शकते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रशिक्षक गेला की काही मुले खेळणे थांबवून दुसरे विद्यापीठ शोधू लागतात. मागे राहिलेल्यांना मिळतो हंगामी प्रशिक्षक, आणि त्याला तरी पुढच्या वर्षी आपली नोकरी राहील याची खात्री कुठे असते?

पैशाचा हिशेब तर डोळे विस्फारणारा आहे. कराराची उरलेली रक्कम म्हणून फ्रँकलिन यांचे देणे सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर होते. दुसरी नोकरी लगेच मिळाली म्हणून तडजोडीत ते ९० लाखांवर आले. एलएसयूने काढलेल्या ब्रायन केली यांचे देणे सुमारे ५ कोटी ४० लाख, तर टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घालवलेल्या जिम्बो फिशर यांचे साडेसात कोटींहून अधिक. न्यायालयीन तडजोडीनंतर २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. त्याची पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठासाठी सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. काढून टाकलेल्या एका माणसाचे देणे त्याच्या अडीचपट!

नेब्रास्काने २०२२ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबरला काढले. आणखी तीन आठवडे थांबले असते तर १ ऑक्टोबरला देणे दीड कोटीवरून ७५ लाखांवर येणार होते. विद्यापीठ तेवढेही थांबले नाही. ज्या जॉर्जिया सदर्नकडून आदल्या दिवशी नेब्रास्का हरले, त्या संघाचे प्रशिक्षक होते क्ले हेल्टन. त्यांना सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने वर्षभरापूर्वी दोनच सामन्यांनंतर निरोप दिला होता.

कधीकधी असा बदल फळतो, हेही मान्य केले पाहिजे. सदर्न कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये मोठ्या पराभवानंतर परतलेल्या लेन किफिन यांना पहाटे लॉस एंजेलिसच्या विमानतळावरच बसमधून खाली बोलावून काढले. हंगामी प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी पुढच्या आठपैकी सहा लढती जिंकल्या. एलएसयूने २०१६ मध्ये चार सामन्यांनंतर लेस माइल्स यांना हटवून याच ऑर्जेरॉन यांच्या हाती संघ दिला आणि २०१९ च्या हंगामात पंधराच्या पंधरा सामने जिंकून तो राष्ट्रविजेता झाला. पण त्याच ऑर्जेरॉन यांच्या गच्छंतीची घोषणा २०२१ च्या ऑक्टोबरात झाली, आणि त्यांच्या जागी आणलेल्या केली यांची २०२५ च्या ऑक्टोबरात. एकदा विजेतेपद हाती लागले, पण विद्यापीठाची सवय काही सुटली नाही.

फिशर यांना टेक्सासात आणि केली यांना लुइझियानात नेमणारे क्रीडा संचालक एकच, स्कॉट वुडवर्ड. केली यांच्यानंतर चारच दिवसांनी त्यांनाही जावे लागले. मात्र एवढ्या रकमांच्या करारांना संमती देणारी विश्वस्त मंडळे नामानिराळी राहतात.

गैरवर्तन असेल, तर प्रशिक्षकाला त्याच दिवशी काढावे. त्यात दुमत नाही. हार-जितीसाठी मात्र शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत कोणालाही हटवू नये. खेळाडूंचे करार पुन्हा फेब्रुवारीत न्यावेत, म्हणजे घाईचे निमित्तच उरणार नाही. आणि प्रशिक्षकाला काढल्यावर एक वर्षाच्या पगारापेक्षा जास्त देणे लागेल, असे कलम कोणत्याही करारात नसावे. हे नियम आखणे विद्यापीठांच्या आणि त्यांच्या क्रीडासंघटनांच्या हातात आहे. ऑगस्टअखेर नवा हंगाम सुरू होण्याआधी त्यांनी ते करावेत.