आखाताची वाट आणि कामगाराची अडलेली प्रगती

परदेशी गेलेला माणूस वर येतो, ही आपल्याकडील जुनी समजूत. आपल्या धर्मग्रामांतूनही अनेक जण आखाती देशांत गेले, त्यांच्या कमाईवर घरे उभी राहिली, मुले शिकली. तथापि, तेथे राबणारा साधा मजूर वर्षानुवर्षे त्याच पायरीवर का राहतो, हा प्रश्न विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

याचे एक मूळ 'कफाला' पद्धतीत आहे. या पद्धतीत कामगाराचा वास्तव्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. दुसरीकडे अधिक पगार मिळत असला तरी जुन्या मालकाच्या ना हरकत पत्राशिवाय तेथे जाता येत नसे. जो सोडून जाऊच शकत नाही, त्याचा पगार मालक कशाला वाढवील? हाती कसब असूनही त्याचे मोल वाढत नाही ते यामुळेच.

कतारने २०२० साली ही अट काढून टाकली आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियाल किमान मूळ वेतन लागू केले. सौदी अरेबियानेही २०२१ मध्ये नोकरी बदलण्याची काही मुभा दिली. घरकामगारांना मात्र त्यातून वगळले. वस्तुतः चार भिंतींआड काम करणाऱ्या आपल्या भगिनींनाच तिची अधिक गरज होती! शिवाय कामगार 'पळून गेला' अशी तक्रार मालकाने केली, की तो बेकायदा ठरण्याचे भय असतेच.

दुसरी बेडी मात्र आपल्याच देशात पडते. नोंदणीकृत दलालाने सेवाशुल्कापोटी ३०,००० रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक घेऊ नये, असा भारत सरकारचा नियम आहे. प्रत्यक्षात कित्येक जण याहून पुष्कळ अधिक देतात, तेही दागिने गहाण टाकून वा व्याजाने काढून. मग पहिली कमाई कर्जातच जाते, आणि कर्ज डोक्यावर असलेला माणूस पगार थकला तरी तक्रार करावयास धजत नाही. कायद्याने दिलेली मुभा त्याच्या उपयोगी पडत नाही ती येथे.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना या देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. ती टाळण्यासाठी काही दलाल पर्यटक व्हिसावर पाठवतात. अशा कामगाराचा करार कोठेच नोंदलेला नसतो, त्यामुळे भारतीय दूतावासालाही त्याला साहाय्य करणे अवघड जाते. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. पैसे हातावर ठेवण्यापूर्वी ते अवश्य पाहावे.