वाटाण्याचे रोप

पावसाळा सरला त्या सुमाराची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तो आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ आपल्या अकरावीतल्या मुलास घेऊन ओट्यापाशी उभे. तक्रार अशी की, मुलगा कशातच टिकत नाही. कधी बंद पडलेला पाण्याचा पंप उघडून बसतो, कधी वेशीबाहेरच्या वीरगळांवरची चित्रे कागदावर उतरवून आणतो, कधी मुंग्यांची वारुळे न्याहाळण्यात संध्याकाळ घालवितो, आणि उरला वेळ मोबाइलवर चित्रफिती काढण्यात जातो. "एक ना धड, भाराभर चिंध्या! फादर, तुम्हीच याला काही सांगा."

मुलगा मान खाली घालून उभा होता. आम्ही त्यास अभ्यासाविषयी चार शब्द सांगितले, कोणीही सांगावे असे, आणि बापलेकांस निरोप दिला. पण दुपारी पानावर बसल्यावर ते शब्द आमचे आम्हांसच फिके वाटू लागले. सेमिनरीत आम्हांस घंटेच्या ठोक्यावर एका वेळी एकच काम करण्याची शिस्त लागली. ती शिस्त चांगलीच. परंतु तीच एक मोजपट्टी सर्वांस लावू पाहणे हा आम्हां गुरुजनांचा जुना दोष आहे. त्या मुलाच्या वडिलांची फिर्याद ऐकताना आम्हांस एकसारखे धुंडिराज गोविंद फाळके आठवत होते, आणि नेमके त्यांच्याविषयीच आम्ही काही बोललो नव्हतो.

दादासाहेब फाळके म्हणजे चित्रपटाचे जनक, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. चाळिशीपर्यंत या गृहस्थाने काय काय केले, हे फारसे कोणी पाहत नाही. जन्म त्र्यंबकेश्वरी, 30 एप्रिल 1870. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले. तेथून बडोद्यास गेले. आपल्या बडोद्याकडील वाचकांस सयाजीराव महाराजांच्या काळचे कलाभवन माहीत असेलच. तेथे त्यांनी रंगकाम, मूर्तिकाम व छायाचित्रण हाताखालून घातले. पुढे गोध्र्यास छायाचित्रकाराचे दुकान मांडले. 1900 च्या प्लेगात पत्नी व मूल दोन्ही गेली, दुकानही गेले. मग जादूचे खेळ शिकले, आणि आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते करूनही दाखविले. 1903 मध्ये सरकारच्या पुरातत्त्व खात्यात जुन्या वास्तूंची चित्रे काढण्याच्या कामावर लागले. स्वदेशीच्या चळवळीत ती नोकरी सोडली, लोणावळ्यास ठसे करण्याचा व छपाईचा उद्योग काढला, रंगीत छपाईसाठी 1909 मध्ये जर्मनीची वारी केली, आणि परत येऊन भागीदारांशी न पटल्यामुळे तोही उद्योग सोडला.

चाळिशीचा, पदरी मुलेबाळे असलेला, हाती काही न उरलेला माणूस. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यास काय म्हटले असेल, हे आम्ही सांगावयास नको. वरची म्हण तयारच आहे.

अशा स्थितीत एके दिवशी ते गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये शिरले आणि तेथे त्यांनी प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. (तो दिवस नाताळातला, असे त्यांनी स्वतः पुढे लिहिले, चरित्रकार 1911 च्या ईस्टरचा म्हणतात. आम्हां धर्मगुरूंस दोन्ही सण सारखेच प्रिय असल्यामुळे या वादात आम्ही पडत नाही.) पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत असता त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या उभी राहिली, हे त्यांनी 1917 मध्ये मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आपल्यापैकी काहींस येथे थोडे ओशाळल्यासारखे वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याच्या घरची भक्ती पाहून त्यांस आपल्या घरची आठवली, यात विपरीत ते काय? मात्र सभागृहातील इतर शेकडो माणसे ते चित्र पाहून घरी जाऊन झोपली; फाळके झोपले नाहीत. ही चित्रे हलतात कशी, याचा त्यांनी ध्यास घेतला. पुन्हा पुन्हा खेळ पाहिले, फितीचे तुकडे मिळवून तपासले, रात्री जागून प्रयोग केले. इतके की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. औषधोपचारांनी ती परत आली. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये परत आले.

आता ज्यासाठी आम्ही हे सर्व लिहावयास घेतले, ते सांगतो. कथाचित्राला भांडवल हवे होते, आणि सावकारांचा या नव्या खुळावर भरवसा नव्हता. तेव्हा फाळक्यांनी देवादिकांचे नव्हे, तर वाटाण्याचे चित्र काढले! कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या कुंडीची चित्रे घेतली. ती चित्रे एकामागून एक पडद्यावर सोडली, तेव्हा बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला; आणि हे सारे मिनिटाभराहून थोड्या अधिक वेळात. 'अंकुराची वाढ' असे त्यांनी त्यास नाव दिले. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या मंडळींनी पैसे काढले.

आपण शेतकरी लोक कोंब फुटताना रोज पाहतो, म्हणूनच यातले कष्ट आपणांस अधिक कळावेत. मूकपटाच्या काळी एका सेकंदास सुमारे सोळा चित्रे पडद्यावर जात. म्हणजे मिनिटास हजाराच्या घरात, आणि महिन्याच्या हिशेबाने दिवसास तीस-बत्तीस. चित्रे घेणारा दिवसातून तितक्यांदा त्या कुंडीपाशी बांधलेला. कुंडी तिळभर सरकावयाची नाही, कॅमेऱ्यास धक्का लागावयाचा नाही, रोपास पाणी तर घालावयाचे, आणि ऊन मात्र घटकेघटकेला जागा बदलणार. कशातच न टिकणाऱ्या माणसाचे हे काम नव्हे.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून तो मानला जातो. त्यात ती सारी चिंध्यांची गाठोडी एकदाची सुटली: पडदे रंगविण्यास चित्रकला, फिती धुण्यास ठशांच्या कारखान्यातली रसायने, देव प्रकट व गुप्त करण्यास जादू. तारामतीच्या भूमिकेस कोणी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातले एक आचारी, अण्णा साळुंके, पातळ नेसून उभे राहिले. पुढे 1917 च्या 'लंकादहना'त हेच साळुंके राम झाले आणि सीताही झाले! कथाचित्रांतही फाळक्यांची जिज्ञासा मावली नाही. आगकाड्या पडद्यावर नाचविल्या, तळेगावच्या काचकारखान्याचे चित्र घेतले, आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखविणारे चित्रही काढले. आपली विद्या अशी चव्हाट्यावर मांडणारा कारागीर विरळा.

पण त्या मुलाच्या वडिलांशी आम्ही अप्रामाणिक होऊ इच्छीत नाही. या गोष्टीस दुसरी बाजू आहे, आणि ती सरस्वतीबाईंची. या दुसऱ्या पत्नीने आपले दागिने गहाण पडू दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला, अंधारात बसून कोऱ्या फितीस भोके पाडली, फिती धुतल्या, उन्हात चादरी धरून उजेड परतविला. तिच्यावाचून ते गाठोडे गाठोडेच राहिले असते. भागीदारांशी फाळक्यांचे पुढेही पटले नाही. मध्येच काशीस जाऊन नाटक लिहीत बसले. बोलपट आले आणि काळ त्यांस मागे टाकून गेला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकास ते वारले, तेव्हा संपत्ती म्हणावी असे काही मागे नव्हते. त्यांच्या नावाचे सरकारी पारितोषिक 1969 मध्ये सुरू झाले. मुलाच्या पोटापाण्याची काळजी करणारा बाप चुकतो, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांस एवढेच विचारले, "पंप उघडला होता, तो पुढे चालू झाला का?" ते किंचित थांबले. म्हणाले, "झाला. तिसऱ्या दिवशी झाला." मग आम्ही मुलास वाटाण्याच्या रोपाची हकीकत सांगितली.

त्यास जागा हवी होती, जेथे थेट ऊन येत नाही आणि गुरे-कोंबड्या शिरत नाहीत. आम्ही आमच्या कचेरीची उत्तरेकडची खिडकी दिली. कुंडी आली, एका जुन्या स्टुलास त्याने मोबाइल सुतळीने घट्ट बांधून ठेवला. शाळेच्या आधी व नंतर तो येऊ लागला, आणि मधल्या वेळी त्याची धाकटी बहीण. नवव्या दिवशी बाप्तिस्म्यांची जाडजूड नोंदवही ठेवावयास जागा हवी म्हणून आम्ही स्वतःच, काही विचार न करता, ती कुंडी उचलून कोपऱ्यात ठेवली! संध्याकाळी मुलगा आला. त्याने कुंडीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. आम्ही क्षमा मागितली. तो म्हणाला, "असू दे, फादर," आणि खिशातून पुन्हा चार वाटाणे काढले.

आज सोळावा दिवस आहे. खिडकीच्या फळीवर आता खडूने रेघ मारलेली आहे. मुलाचे वडील दूध घालून जाताना कचेरीत डोकावतात. बोलत काही नाहीत, कोंब किती वर आला तेवढे बघून जातात.