इंजिन नसलेली गाडी पळते कशी?



डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून सहलींची पत्रकं निघू लागतात. पूर्वी सहल म्हणजे रायगड, नाहीतर वेरूळ-अजिंठा. आता मुलांना विचारा, एका सुरात उत्तर येतं, ‘खोपोलीचं इमॅजिका!’ आणि तिथे काय बघायचं? तर ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे चांगली तेरा मजली इमारत. माणसाला खाली डोकं वर पाय करणारा, आणि बसलं की पायाखाली फळीसुद्धा नाही! पत्रकावर सही करताना आईचा हात अडखळतो तो इथेच.

मी शाळेत आठवड्यातून तीन दिवस मराठी शिकवते, पण सहलीच्या दिवसांत आयांचे प्रश्न काही मराठीचे नसतात. ‘बाई, ती गाडी मध्येच थांबली तर? लाइट गेली तर? फारच जोरात सुटली तर?’ ‘काही होत नाही हो’ असं म्हणून कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून आमच्या विज्ञानाच्या बाईंना मधल्या सुट्टीत गाठलं, थोडं वाचन केलं, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे या गाडीला इंजिनच नसतं. एक साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. तिथून पुढे तिला कोणी ढकलत नाही की ओढत नाही. माथ्यावरची उंची एवढंच तिचं भांडवल. उतारावर ही उंची मोडायची आणि वेग घ्यायचा, पुढच्या चढावर वेग मोडायचा आणि उंची घ्यायची. आपण बांगड्या मोडून पाटल्या करतो, पाटल्या मोडून गोठ करतो, तसंच हे. आणि सराफ जशी दर मोडणीला घट धरतो, तशी इथेही दर खेपेला थोडी घट येतेच. म्हणून तर साखळीच्या गाडीत पहिला चढ सगळ्यांत उंच ठेवतात आणि पुढचे ठेंगणे. पुढच्या वेळी खाली पिशव्या सांभाळत बसाल तेव्हा निरखून बघा.

घट धरलीच नाही तर हिशेब अगदी सोपा आहे. १० मीटर खाली आलं की वेग होतो ताशी ५० किलोमीटर. मग ४० मीटरला २००? नाही हं! उंची चौपट झाली की वेग फक्त दुप्पट होतो, म्हणजे ताशी १००. ‘नायट्रो’चा वेग याच्याच आसपास. द्रुतगती मार्गावरच्या मोटारीचा वेग, फक्त भोवती पत्रा आणि काच नाही. भीती वाटते ती वेगापेक्षा त्या उघडेपणाची, असं आपलं माझं मत.

हा खेळ मुळात रशियातला. सेंट पीटर्सबर्गकडे लाकडी मांडवांवर बर्फ थापून लोक घसरगुंडी खेळत. फ्रेंच लोक अजूनही रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात, आणि गंमत म्हणजे रशियन लोक म्हणतात ‘अमेरिकन डोंगर’! अमेरिकेत १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यांनी जी गाडी सुरू केली, तिचं तिकीट होतं पाच सेंट आणि वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. आपला टांगासुद्धा तिच्यापुढे गेला असता.

आता खरा मुद्दा. तीच गाडी, तेच रूळ, तीच उंची. मग ती कधी जोरात आणि कधी सावकाश का धावते? उत्तर त्या घटीतच आहे. घट कमी आली की गाडी जोरात आणि जास्त आली की मंद.

घट खाणारे दोघे, वारा आणि चाकं. त्यातली चाकं आपल्या ओळखीची आहेत. प्रत्येक चाकाच्या पोटात बेअरिंग असतं आणि बेअरिंगमध्ये ग्रीस. थंडीत खोबरेलाची बाटली कशी थिजते, उन्हात ठेवली की कशी पातळ होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ग्रीसचंही थोडंफार तसंच. सकाळच्या गारठ्यात ते घट्ट असतं, चाक जड फिरतं. चार-सहा फेऱ्या झाल्या, ऊन वर आलं, की ग्रीस सैल पडतं आणि गाडी मोकळी धावते. शिवणयंत्र सकाळी जड चालतं आणि दोन परकर शिवून होईपर्यंत हलकं होतं, तसंच अगदी. म्हणून एकाच दिवशी पहिली फेरी सगळ्यांत संथ असते आणि दुपारची-संध्याकाळची चपळ. आपल्याकडे फरक थोडाच पडतो. पण बर्फ पडणाऱ्या देशांत ठरावीक तापमानाच्या खाली पारा उतरला की गाडी सोडतच नाहीत. घट इतकी वाढायची की गाडी पुढचा चढ चढायचीच नाही आणि मधल्या खोलगटात येऊन थांबायची.

चाकाच्या बाहेरच्या आवरणावरही बरंच अवलंबून असतं. नायलॉनसारखं टणक आवरण असलं की गाडी जोरात पळते, पण हादरे बसतात आणि खडखडाट होतो. पॉलियुरेथेन नावाचं जरा मऊ आवरण असतं, त्याने गाडी गुळगुळीत चालते पण थोडा वेग खाते. सायकलच्या टायरमध्ये हवा कमी असली की पायडल जड लागतं ना, तसंच मऊ चाक रुळावर दबतं आणि तिथे जोर वाया जातो.

वजनाचा वाद आमच्या घरात झाला. माझा भाचा बारा वर्षांचा. त्याचं म्हणणं, ‘आत्या, तू शेजारी बस, मग गाडी जाम जोरात जाईल!’ त्याच्या आईने डोळे वटारले. पण खरं सांगू, पोरगं अगदीच चुकलेलं नाही. उंचीवरून खाली येण्याच्या हिशेबात वजन कुठेच येत नाही, जड आणि हलकं दोन्ही सारख्याच वेगाने खाली यायला हवीत. पण वारा अडवतो तो गाडीच्या आकाराप्रमाणे, वजनाप्रमाणे नाही. कागदाचा कपटा आणि खडा गच्चीवरून टाकून बघा, कळेल. म्हणून भरलेली गाडी वाऱ्याला कमी दाद देते आणि रिकामीपेक्षा थोडी जास्त जोरात धावते. आता त्यात एकट्या आत्याचा वाटा किती, हे त्याला गणितातच सोडवायला सांगितलं आहे.

समोरून वारा असेल तर वेग कमी, पाठीमागून असेल तर जास्त, हे तर साधंच आहे. पावसाचं मात्र उलटं वाटतं. ओल्या पोलादी रुळावर चाकाची पकड कमी होते, म्हणून रिमझिम पावसात गाडी मंद न होता बहुधा जास्तच निसटते. ओल्या फरशीवर आपण सावकाश चालतो ते शहाणपणाने. गाडीला ते शहाणपण कुठलं? घासून थांबवणारे ब्रेकही ओले झाले की कमी धरतात. विजा चमकू लागल्या किंवा पाऊस जोराचा झाला की गाडी बंद ठेवतात ती उगाच नाही. ‘पैसे भरलेत आम्ही’ म्हणून तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नये.

घट नेमकी मोजणं किती अवघड असतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत न्यू जर्सीला होतं. ‘किंगडा का’ नावाची गाडी, २००५ साली सुरू झालेली, १३९ मीटर उंच. तिला साखळी नव्हती. सपाटीवरूनच साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा झटका देऊन ती वर फेकत. १३९ मीटर चढायला हिशेबाने ताशी १८८ पुरतात, वरचे १८ घटीसाठी. तरीसुद्धा एखाद्या वेळी घट जास्त यायची, गाडी माथ्याच्या अलीकडे थबकायची आणि आल्या वाटेने मागे घसरायची. पण हे होणार हे बांधणाऱ्यांनी आधीच धरलं होतं. गाडी सुटून गेली की मागे रुळावर ब्रेक वर येऊन उभे राहत आणि परत आलेल्या गाडीला थोपवून धरत. २०२४ मध्ये ती गाडी बंद झाली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तिचा मनोराही पाडला.

आता लाइट जाण्याचं. आपल्या गावांत राहून ही शंका आली नाही तरच नवल! गाडी चढावर असताना खालून ‘टक-टक-टक’ असा आवाज येतो. मुलं घाबरतात ती त्याच आवाजाला, आणि खरा धीर त्यानेच द्यायला हवा. तो दातऱ्याच्या पट्टीवर पडणाऱ्या खिट्टीचा आवाज. साखळी थांबली, तुटली तरी खिट्टी दात पकडून ठेवते, गाडी मागे येत नाही. एकदा माथा ओलांडला की विजेची गरजच उरत नाही. शेवटी थांबवायला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबकाचे ब्रेक असतात, त्यांना ना वीज लागते ना पाण्याचं काही वाटतं. आणि हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बहुतेक असे बसवतात, की दाब गेला की ते आपोआप मिटून गाडी धरतात. सकाळी दारं उघडण्याआधी रिकामी गाडी पुन्हापुन्हा फिरवून बघतात, तेव्हा तपासणीही होते आणि ग्रीसही ऊबेला येतं.

जागा कुठली धरायची? पुढच्या डब्यात वारा तोंडावर आणि सगळं समोर दिसतं, पण पहिल्या उतारावर तो डबा हळूच वाकतो, कारण मागची गाडी अजून चढावरच असते. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढच्यांनी जोर धरलेला असतो. तो डबा अक्षरशः ओढला जातो आणि बसणारा आसनावरून उचलला गेल्यासारखा होतो. धीट पोरांना मागे आवडतं ते त्यासाठीच. पहिल्यांदाच बसणाऱ्या मुलाला सकाळच्या फेरीत, मधल्या डब्यात बसवा.

एका बाबतीत मात्र मी अगदी कडक आहे. दाराशी उंची मोजायची पट्टी असते. तिथे मुलाला टाचा उंच करायला लावणारे पालक मी पाहिलेत, त्यात आयाही असतात. छातीवर येणारा दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेला असतो. मूल लहान पडलं तर मधे फट राहते आणि वरची सगळी यंत्रणा चोख असूनही उपयोग नाही. दोन बोटं कमी भरलं तर पुढच्या वर्षी. रडेल थोडं.

आणि तुम्ही स्वतः बसणार असाल, तर बसाच, दर वेळी चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आपणच कशाला? मात्र दिवस गेलेले असतील, रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा मान-पाठ धरलेली असेल तर नको. ओढणी काढून ठेवा, साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. मंगळसूत्र आत घ्या, चष्मा आणि केसांतल्या पिना काढून पर्समध्ये, आणि पर्स खाली थांबणाऱ्या कुणाच्या हाती. जेवणाचा डबा उतरल्यावर उघडायचा, तोही अर्ध्या तासाने.