उरलेल्या पैशांचे दिवाळे

लंडनला मुलाकडे जाऊन परत निघालेल्या आमच्या मंडळींना शेवटच्या दिवशी एक विलक्षण व्याधी जडते. ऑयस्टर कार्डावर उरलेले पौंड ‘संपवायचे’ असतात! महिनाभर पाण्याच्या बाटलीचेही रुपये करून पाहणारी ही माणसे त्या दिवशी कर्णाचे अवतार होतात. 2025 साली मीही त्यांतलाच होतो, म्हणून अधिकाराने बोलतो.

कॉव्हेंट गार्डन ते लेस्टर स्क्वेअर हे अंतर अवघे 260 मीटर; कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जावे तेवढे. आम्ही ते भुयारी गाडीने कापले. भाडे माणशी जवळजवळ तीन पौंड! पुढे, पिकॅडिली लाइनने सहा पौंडांच्या आत हीथ्रो गाठता येत असता पॅडिंग्टनहून 25 पौंडांची एक्सप्रेस धरली. शिल्लक पुरेना, म्हणून (हसू नका!) कार्डात आणखी पैसे भरले!

‘कार्डातला पैसा गेलेलाच,’ असे मीच ठासून सांगितले होते. साफ खोटे! ती शिल्लक बुडत नाही. दहा पौंडांपर्यंतची रक्कम स्टेशनवरचे यंत्रसुद्धा परत देते. नाहीतर कार्ड पुढच्या पाहुण्याला द्यावे.

ते कार्ड मुलाने आपल्या पगारातून भरले होते. आमचा निरोप घेऊन तो मात्र स्वस्तातल्या बसने कामावर गेला होता.

वाचकहो, फराळातले उरलेले लाडू आपण शेजारी देतो. संपवायचे म्हणून उकिरड्यावर फेकत नाही. मग निळ्या कार्डातला घामाचा पैसाच तेवढा परका का?