दोन्ही कान बंद, गाडी चालू

उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात 26 एप्रिल 2018 च्या सकाळी शाळेची व्हॅन मानवरहित रेल्वे फाटकावर गाडीखाली सापडली. 13 मुले गेली. चालकाच्या कानात इयरफोन होते असे प्राथमिक माहितीवरून दिसते, हे मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले. पुढे जानेवारी 2019 पर्यंत रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरची मानवरहित फाटके बंद केली. इयरफोनचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

मोटार वाहन कायद्याचे 184 वे कलम 2019 मध्ये दुरुस्त झाले. गाडी चालवताना हातात धरलेला मोबाइल वापरणे धोकादायक ठरले. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड. पण फोन खिशात आणि आवाज कानात असेल तर? त्या कलमात इयरफोनचे नाव नाही. सायकल तर मोटार वाहनच नसल्याने या कायद्याबाहेर. मग पावती कोणत्या कलमाखाली फाडायची, यावरून चौकात हुज्जत होते.

फ्रान्सने 1 जुलै 2015 पासून हा गोंधळ संपवला. मोटार, दुचाकी, सायकल, काहीही चालवताना एका कानातही इयरफोन नको. दंड 135 युरो. गाडीतला स्पीकर किंवा हेल्मेटमध्ये बसवलेली यंत्रणा चालते. कॅलिफोर्नियाने दोन्ही कान झाकायला मनाई केली आणि एका कानाला मुभा दिली. सायकलस्वारांनाही तोच नियम.

कर्णबधिर व्यक्ती गाडी चालवू शकतात, मग इयरफोनवरच राग का, असे विचारले जाते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यांच्या परवान्याची वाट मोकळी केली, आणि ते योग्यच झाले. पण जन्मभर डोळ्यांनी रस्ता वाचणारा माणूस आणि एरवी कानावर विसंबणारा, आत्ता गाण्यात किंवा फोनवरच्या भांडणात गुंतलेला माणूस, या दोघांची तुलनाच होत नाही. दुसऱ्याचे लक्षही रस्त्यावरून उठलेले असते. शिवाय आपली वाहतूक मोठ्या प्रमाणात कानावर चालते. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ उगाच रंगवलेले नसे. मागून येणारी एसटी, गल्लीतून घुसणारी रिक्षा, अडकलेली रुग्णवाहिका आधी ऐकू येते, मग दिसते. बाहेरचा आवाज गाळणारी नवी उपकरणे नेमके हेच पुसून टाकतात.

तरीही सरसकट बंदीचा पहिला फटका बसेल तो पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांना. अनोळखी सोसायटीचा रस्ता त्यांना मॅपचा आवाज सांगतो, आणि मधेच ग्राहकाचा फोन येतो: ‘कुठे पोहोचलात?’ म्हणून आपल्याकडे कॅलिफोर्नियाचा मार्ग बरा. रस्ता सांगणाऱ्या आवाजापुरता एक कान चालेल, दोन्ही नाहीत. संभाषण गाडी बाजूला घेऊनच. केंद्राने हे कलमात स्पष्ट लिहावे आणि सायकलसाठी राज्याने वेगळा नियम करावा. डिलिव्हरी कंपन्यांनाही यात बांधून घ्यायला हवे: गाडी धावत असताना ग्राहकाचा फोन स्वाराच्या कानात जाऊ नये, आणि तो न उचलल्याबद्दल त्याचे पैसे किंवा रेटिंग कापले जाऊ नये.